ठासणीची बंदूक, शिशाची गोळी आणि आपल्या धानाची राखण

धान निसवायला लागला की आपल्या लाखांदूर तालुक्यात दरवर्षी तोच विषय निघतो. दिघोरी असो, बारव्हा असो की विरली, रात्री डुकरांचा कळप आला आणि सकाळी बांधी लोळवलेली दिसली की पानठेल्यावर चर्चा सुरू. कोणीतरी म्हणतोच, "सरकारनं आम्हाला बंदुका द्याव्या, मग बघतो डुकरं कशी येतात ते." दुसरा म्हणतो, "आमच्या आजोबाच्या नावानं होती ना ठासणीची! एक बार काढला की आठ दिवस डुक्कर फिरकत नसे."

ही ठासणीची बंदूक नेमकी काय होती, तिच्यात घालायची गोळी कशी निवडायचे, ती तपासून कशी बघायचे, आणि नेमकी हीच बंदूक शेतकऱ्याच्या वाट्याला का आली, हा इतिहास आज सांगतो. पोस्ट लांब आहे. पण आज डुक्कर, रोही, वाघ यावरून जे भांडण चाललंय, त्याची मुळं यात आहेत. सवडीनं वाचा.

आधी बंदूक समजून घेऊ. गडचिरोलीच्या बातम्यांत आपण जिला "भरमार बंदूक" म्हणून वाचतो, तीच ही. काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाची काळी दारू. त्यावर चिंधी किंवा बोळा, मग शिशाची गोळी नाहीतर छर्रे, आणि गजानं ठासून सगळं घट्ट बसवायचं. मागच्या बाजूला कानाशी ठिणगी पडली की बार उडतो. आपण आजही "ठासून सांगितलं" म्हणतो, "फुसका बार निघाला" म्हणतो, ते सगळं या बंदुकीचं देणं आहे. बंदूक गेली, भाषा राहिली.

ठिणगी पाडायच्या पद्धती बदलत गेल्या. आधी जळता तोडा लावायचे, ती तोड्याची बंदूक. मग चकमकीची आली. मग टोपीची. टोपीमागची, आघातानं पेटणाऱ्या दारूची मूळ युक्ती स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या पाद्र्याची, १८०७ मधली. चकमकीची ठिणगी दिसताच तळ्यातली बदकं सावध व्हायची, म्हणून वैतागून त्यानं हा शोध लावला असं सांगतात. हे फोर्साइथ आडनाव लक्षात ठेवा. याच आडनावाचा दुसरा एक माणूस आपल्या मध्य प्रांतात येऊन गेला आणि आजच्या गोष्टीतला मुख्य माणूस तोच आहे.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. दत्तक मान्य झाला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. आपला भंडारा जिल्हा कंपनी सरकारकडे गेला. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्य प्रांत तयार झाला. या नव्या प्रांतात जंगल किती, त्यात लाकूड किती, जमिनीचा सारा किती बसवायचा, हे मोजायला अधिकारी फिरू लागले. त्यातलाच एक तरुण लष्करी अधिकारी जेम्स फोर्साइथ. १८६२ मध्ये तो पचमढीच्या पठारावर गेला, तिथं त्यानं बांधलेला बंगला "बायसन लॉज" म्हणून आजही ओळखला जातो. पुढे निमाडात जमाबंदीचं काम केलं. सातपुड्याच्या जंगलांवर त्यानं लिहिलेलं "द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया" हे पुस्तक १८७१ मध्ये आलं, त्याच वर्षी तो वारला.

ते पुस्तक बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याचं दुसरं, आधीचं पुस्तक कमी लोकांना माहीत असतं. १८६३ मध्ये त्यानं "द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स" लिहिलं. विषय एकच. हिंदुस्थानच्या जंगलात मोठ्या जनावरावर चालवायला ठासणीची रायफल कशी असावी आणि तिच्यात गोळी कोणती असावी.

आता यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. गोळी ती गोळी. पण तसं नव्हतं.

साध्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून सुटलेली गोळी म्हणजे गोफणीतला गोटा. जवळ असेल तर लागेल, पन्नास-साठ पावलांच्या पुढे तिचा भरवसा नाही. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि फिरणारा भोवरा जसा तोल सांभाळतो तशी ती सरळ जाते. इथपर्यंत ठीक.

पण १८५० च्या आसपास गोळीचा आकारच बदलला. फ्रान्सच्या मिनिए नावाच्या अधिकाऱ्यानं मागून पोकळ असलेली लांबट, टोकदार गोळी काढली. बार उडाला की तिचा मागचा भाग फुगून खाचांत बसतो. इंग्रजांनी त्याच धर्तीवर १८५३ ची एनफील्ड रायफल काढली. हीच ती एनफील्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. चरबी का लागायची? कारण तीही ठासणीचीच होती. कागदी काडतूस दातानं फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी अडकू नये म्हणून तिच्या कागदाला वंगण. म्हणजे आपल्या देशाच्या इतिहासातली एवढी मोठी घटना एका अर्थी ठासणीच्या गोळीवरून घडली.

सैन्याला ही लांबट गोळी फारच आवडली. शेकडो यार्डांवर उभ्या शत्रूच्या रांगेवर मारायला उत्तम. मग शिकारी साहेबांनीही तीच उचलली. जी लढाईत चालते ती वाघावर का चालणार नाही?

फोर्साइथचं म्हणणं होतं की नाही चालणार, आणि त्याची कारणं त्यानं मांडली. ही कारणं कळायला सोपी आहेत.

पहिलं कारण अंतराचं. लढाईत अंतर मोजलेलं असतं. जंगलात कोण मोजणार? बांबूच्या रांजीतून जनावर दिसतं, ते पन्नास यार्डांवर आहे की शंभर, हे अंदाजानंच ठरवावं लागतं. एनफील्डसारखी गोळी जड, दारू कमी, त्यामुळे तिचा वेग बेताचा आणि मार्ग कमानीसारखा. अंदाज थोडा चुकला की गोळी पाठीवरून जाते, नाहीतर पायात लागते. याउलट गोल गोळी आणि जवळपास दुप्पट दारू असेल तर शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत ती सरळ रेघेत जाते. मग अंदाज थोडा चुकला तरी घाव जागेवर बसतो.

दुसरं कारण घावाचं. टोकदार गोळी आत खोल जाते, पण कधी कधी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते. जनावर त्या घावानं मरतं, पण दोन कोस पळून, दोन दिवसांनी मरतं. मोठ्या व्यासाची गोल गोळी धक्का देते.

तिसरं कारण नळीचं. गोल गोळीला जास्त दारू द्यायची तर खाचांचा पीळ सैल पाहिजे. पीळ घट्ट आणि दारू जास्त झाली तर मऊ शिशाची गोळी खाचा सोडून सरळ घसरत बाहेर पडते. जोर लावून नट फिरवला की आटे जातात ना, तसं. म्हणून त्यानं चौदा बोअरच्या नळीला सुमारे साडेआठ फुटांत एक वेढा इतका सैल पीळ सुचवला. नळी स्वतः अडीच फुटांच्या आसपास. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी पाव फेरीच्या थोडी पुढे गेलेली. तेवढी पुरते, असं त्याचं गणित.

हे बोअर प्रकरणही सांगून टाकतो, कारण "बारा बोअर" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, म्हणजे एक गोळी ३८ ग्रॅमच्या आसपास. चौदा बोअरची ३२ ग्रॅम. हत्तीवर चालवायला चार बोअरच्या बंदुका होत्या, त्यांची गोळी ११३ ग्रॅमची, म्हणजे अर्धा पाव शिसं एका बारात. आकडा लहान तितकी गोळी मोठी.

मग गोळी तपासायची कशी? त्या काळचे जाणते शिकारी जंगलात जायच्या आधी हे काम उरकायचे. बंदूक टेकवून ठेवायची म्हणजे हाताचा कंप आड येत नाही. पन्नास, शंभर, दीडशे यार्डांवर कागदाचं निशाण लावायचं. तीच गोळी, तीच दारू, तीच चिंधी घेऊन लागोपाठ बार काढायचे आणि भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. मग दारू थोडी वाढवायची, पुन्हा मोजायचं. एका टप्प्यानंतर दारू वाढवली की भोकं फाकायला लागतात. ती त्या नळीची हद्द. गोळी किती खोल जाते हे बघायला फळ्यांची चवड लावायची आणि कितव्या फळीत अडकली ते मोजायचं. अडकलेली गोळी उकरून काढायची. चपटी झाली का, तुटली का, तशीच राहिली का?

शिसं मऊ असतं. चितळावर मऊ गोळी ठीक, अंगात शिरून पसरते. पण रानगव्याच्या किंवा रानम्हशीच्या जाड हाडावर ती चपटी होऊन थांबते. म्हणून मोठ्या जनावरासाठी शिशात कथील मिसळून गोळी कडक करायचे. जनावर पडल्यावरही काम संपत नसे. चिरफाड करून गोळी शोधायची आणि ती आत कशी वागली ते बघायचं. त्या मंडळींचा हेतू शौकाचा होता, हे खरंच. मध्य प्रांतातलं जंगल त्यांनी कसं रिकामं केलं हेही आपल्याला माहीत आहे. पण जनावरावर नेम धरण्याआधी एक प्रश्न त्यांना पडत होता, तो सोडू नका. ही गोळी, या बंदुकीतून, या अंतरावर, या जनावराला एका बारात पाडेल का?

एका बारात यासाठी, की ठासणीच्या बंदुकीला दुसरा बार लगेच नाही. पुन्हा दारू, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. दुनळी असली तर दोन. त्यात काळ्या दारूचा धूर एवढा, की बार काढल्यावर जनावर पडलं की अंगावर येतंय हेच दिसत नाही. पावसाळ्यात दारू सर्दली तर बार निघतच नाही. म्हणून पहिली गोळी शेवटची समजायची.

त्याच काळात फुटणाऱ्या गोळ्यांचीही टूम निघाली होती. सिंधमध्ये ज्यांच्या नावानं जेकबाबाद वसलं, त्या जनरल जॉन जेकबनी अंगात शिरून फुटणाऱ्या गोळ्या तयार केल्या आणि लांबवर मारून तपासल्या. शिकारी साहेबांनी त्या वाघांवर चालवल्या. १८६८ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला युरोपातली राष्ट्रं जमली आणि ४०० ग्रॅमच्या आतल्या फुटणाऱ्या गोळ्या युद्धात माणसांवर वापरायच्या नाहीत असं ठरलं, कारण त्यानं नाहक यातना होतात. हा करार माणसांपुरता होता. जनावरांच्या बाजूनं सही करायला तिथं कोणी नव्हतं.

गोळी चुकीची असली की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुमाऊंच्या चंपावतचं. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटनी मारलेल्या त्या वाघिणीनं नेपाळ आणि हिंदुस्थान मिळून चारशेवर माणसं खाल्ली होती. मारल्यावर कॉर्बेटनी तिचं तोंड बघितलं. उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले, वरचा अर्धा, खालचा मुळापासून. जुन्या गोळीची जखम. त्यामुळे तिला नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसाकडे वळली, असं कॉर्बेटनी लिहून ठेवलंय. कोणीतरी, कधीतरी, एक बार काढला. जनावर मेलं नाही. बार काढणारा घरी गेला. हिशेब दुसऱ्यांनी चुकता केला.

आता आपल्या गावाकडे येऊ. साहेब लोक पीळ आणि कथील मोजत होते तेव्हा आपल्या शेतकऱ्याकडे काय होतं? गोफण, मळ्यावरची जागली, डफडं, आणि गावात एखाद्याकडे तोड्याची जुनी बंदूक. तीही त्याच्या हातात राहू नये अशी व्यवस्था झाली. १८५७ नंतर सरकारनं हत्यारं गोळा केली आणि १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार ठेवायचं नाही. गोऱ्यांना मात्र सूट.

१८७८ हे साल ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी जंगल कायदा आला. राखीव जंगल सरकारचं झालं आणि गावकऱ्याचं जंगलात जाणं, लाकूडफाटा, शिकार यावर बंधनं आली. आणि त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. एका वर्षात जंगल गेलं, बंदूक गेली आणि त्याबद्दल लिहायची सोयही गेली. वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांनी, १८८२ मध्ये रद्द झाला. बाकीचे दोन मुक्कामाला राहिले.

या शस्त्र कायद्याचा राग देशभर होता. आपल्या नागपुरात १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायदा उघड मोडण्याचा सत्याग्रह केला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणू लागले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या ही एक मागणी होती. अहिंसेच्या माणसानं ती केली होती, कारण प्रश्न माणसावरच्या विश्वासाचा होता.

स्वातंत्र्य आलं. १९५९ चा शस्त्र कायदा आला, तो अजून चालू आहे. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाचा उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं त्यात म्हटलंय. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. विचार करा, १९५९ सालचा कायदा आणि त्यात शेतकऱ्याची बंदूक कोणती, तर ज्या प्रकारच्या बंदुका दुनियेनं शंभर वर्षांपूर्वी मागे टाकायला सुरुवात केली होती ती. फोर्साइथ ज्या ठासणीच्या रायफलवर डोकं खाजवत होता तिला निदान पिळाच्या खाचा तरी होत्या. आपल्याला मिळाली ती खाचा नसलेली.

असं का, याचं कारण सरळ आहे. ठासणीची बंदूक एकदाच उडते, जवळच मारते, लपवायला अवघड. माणसांच्या भांडणात तिचा धोका कमी. म्हणजे कायदा करताना बघितलं ते एवढंच की ही बंदूक माणसाला किती कमी इजा करेल. ती डुकराला नीट मारेल का, की नुसती जखमी करून सोडेल, हे कोणी विचारलं नाही. गोळी कोणती, छर्रा कोणता, किती अंतरावर, नेम कोण शिकवणार, तपासणार कोण, काहीच नाही. परवाना द्या, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करून घ्या, झालं.

मग गावात काय झालं? ज्याला जे मिळालं ते त्यानं ठासलं. शिसं मिळालं तर शिसं, नाहीतर लोखंडाचे तुकडे. ऐंशी-नव्वद किलोचा रानडुकराचा नर, खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी, आणि अंधारात चाळीस पावलांवरून छर्र्यांचा बार. डुक्कर पळालं की शेतकरी खूश. पण ते पळालं म्हणजे वाचलं असं नाही आणि मेलं असंही नाही. दुसऱ्या दिवशी धुऱ्याच्या झुडपात बसलेलं जखमी डुक्कर गवत कापायला गेलेल्या बाईवर धावून येतं, तेव्हा आदल्या रात्रीच्या बाराची आठवण कोणाला असते?

१९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि शिकारीवर कडक बंधनं आली. बरंच झालं, नाहीतर नागझिरा आणि नवेगावात आज दाखवायला काही उरलं नसतं. पण जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं तर परवानगी देण्याची वाट त्याच कायद्यात ठेवलेली आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारनं रानडुक्कर आणि रोह्यांसाठी पारध परवान्याची पद्धतही काढली. कागदावर वाट आहे. पण अर्ज कोण लिहिणार, पंचनामा कोण करणार, परवानगी आली तरी बार कोण काढणार, आणि कशानं? घरातल्या गंजलेल्या ठासणीच्या बंदुकीनं?

या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून लोकांनी आपलं उत्तर शोधलं, तारेत वीज सोडायची. त्याचा परिणाम आपण सगळे बघतोय. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचा तो प्रसिद्ध जय वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला शेतातल्या विजेच्या तारेनं मेला. आणि तारेला काय कळतं? डुक्कर, वाघ, शेजाऱ्याचा बैल, रात्री पाणी फिरवायला गेलेला स्वतःचा पोरगा, सगळे सारखेच. बंदुकीला निदान नेम असतो. तारेला नेमच नाही. गोळीच्या इतिहासातून बघितलं तर आपण पुढे आलो नाही, फार मागे गेलो.

दुसऱ्या देशांत काय करतात? नॉर्वेत मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची चाचणी पास व्हावी लागते, नाहीतर त्या वर्षी जंगलात जाता येत नाही. जर्मनीत शिकारीच्या परवान्याआधी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा असते. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो आणि तिथले शौकीन हंगामाआधी निशाणावर गोळ्या आणि दारूचं माप जुळवत बसतात. त्यांचं जंगल वेगळं, लोकसंख्या वेगळी, आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण जनावर मारायची परवानगी आणि ते नीट मारण्याची जबाबदारी तिथं एकत्र चालतात. आपल्याकडे परवानगी एका टेबलावर आणि जबाबदारी कुठल्याच टेबलावर नाही.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. २०२२ आठवा. सीटी-१ वाघानं वडसा, ब्रह्मपुरी आणि आपला भंडारा मिळून तेरा माणसं मारली, त्यातली चार भंडारा जिल्ह्यातली. त्या दिवसांत लाखांदूर तालुक्यात लोक जंगलाकडे बघायलाही भीत होते. ऑक्टोबरमध्ये वडसाच्या जंगलात वनविभागाच्या पथकानं त्याला बेशुद्धीचा डार्ट मारून पकडलं. डार्ट म्हणजे तरी काय? तीही एक गोळीच. औषधाची मात्रा जनावराचं वजन बघून ठरते, बंदुकीचा दाब अंतर बघून ठरतो. दाब जास्त झाला तर जनावराला इजा, कमी झाला तर डार्ट पडतो. मारायचा कुठं, तर मांसल भागात. फोर्साइथचा १८६३ चा प्रश्न जसाच्या तसा: हे, यातून, या अंतरावर, या जनावराला, एका वारात? फरक एवढाच की प्रश्न विचारणारा आता जीव वाचवायला निघालाय. तेरा माणसं जाईपर्यंत वेळ लागला हे दुःख आहेच. पण काम झालं ते शिकलेल्या माणसांनी, तपासलेल्या साधनानं.

जे वाघासाठी करता येतं ते डुकरासाठी का नाही? माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. गावोगाव बंदुका वाटा, या मागणीच्या मी विरोधात आहे. ठासणीच्या बंदुकीचा इतिहासच सांगतो की न तपासलेली गोळी आणि न शिकलेला हात मिळून जखमी जनावर तयार होतं, आणि जखमी जनावर पुन्हा गावातच येतं. पण "मारू नका" एवढं सांगून शेतकऱ्याला तारेच्या भरवशावर सोडणंही मला मान्य नाही. परवानगी द्यायची तर बार काढणारा माणूस शासनाचा असावा, शिकलेला असावा, त्याच्या बंदुकीची आणि गोळीची तपासणी झालेली असावी, आणि जखमी जनावर शोधून संपवण्याची जबाबदारी त्याच्यावर असावी. परवानगी द्यायची नसेल तर सौर कुंपणाचं अनुदान आणि नुकसानीचे पैसे पुढचं पऱ्हं टाकायच्या आधी हातात यावेत. दोन्हीपैकी काहीच न करता १९५९ च्या कलमाकडे बोट दाखवणं, हा फुसका बार झाला.

ग्रामसभेत रानडुकरांचा विषय निघाला की आपण "बंदूक द्या" आणि "देऊ नका" यावरच भांडतो. पुढच्या वेळी वन अधिकाऱ्यांना वेगळं विचारा. परवानगी मिळाली तर बार कोण काढणार? कशानं काढणार? आणि जनावर जखमी होऊन पळालं तर त्याच्या मागे कोण जाणार? या तिन्हीची उत्तरं लेखी मागा आणि ठरावात नोंदवून घ्या.

ज्यांच्या घरी अजून आजोबाची ठासणीची बंदूक परवान्यासह टांगलेली आहे, त्यांनी ती जपा. इतिहास म्हणून ती मोलाची आहे. पण आजच्या डुकरावर तिचा उपाय नाही, आणि उपाय सरकारकडून मागताना तिच्या नावावर समाधान मानू नका.